मुलांच्या पंगतींत आईबाप

मूल शाळेंत काय शिकलें, याची चौकशी आपण सर्वच करतों. त्याला अक्षरें किती आलीं, आंकडे कुठवर म्हणतां येतात, हें आपण मास्तरांना विचारतों. परंतु तें दुपारीं काय जेवतें, कोणाच्या शेजारीं बसून जेवतें, आणि जेवतांना त्याचें वागणें कसें असतें, असें विचारणारे पालक मला माझ्या सबंध नोकरींत बोटांवर मोजण्याइतकेच भेटले. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलाच्या शाळेंत आईनें अथवा बापानें मधून मधून दुपारच्या वेळीं जावें, दारांत उभें न राहतां मुलाच्या शेजारीं बसावें, आणि मुलाला जें वाढतात तेंच आपणही जेवावें, एवढेंच मला सुचवावयाचें आहे. सूचना लहान आहे. पण तिच्यांत काय काय सामावलें आहे, तें आपण क्रमानें पाहूं.

ही कल्पना माझी नव्हे. जपान देशांत ती रूढ आहे. माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त कांहीं वर्षें त्या देशांत होता. त्याची चार वर्षांची मुलगी तेथील बालशाळेंत जात असे. एकदां शाळेकडून चिठी आली, कीं अमुक दिवशीं दुपारीं पालकांनीं मुलांबरोबर जेवावयास यावें व आपल्या ताटाचे पैसे आगाऊ भरावे. हा गृहस्थ गेला. बसावयास त्याला मुलांचीच बुटकी खुर्ची मिळाली. वरच्या वर्गांतील पांचसहा मुलांची त्या दिवशीं वाढण्याची पाळी होती. त्यांनीं अंगांत पांढरे झगे घातले होते आणि डोक्याला टोप्या व तोंडाला फडकीं बांधलीं होतीं. भात, मासळीचा तुकडा, भाजी आणि सार असें जेवण त्यांनीं वाढलें. सर्वांच्या पुढें अन्न येईपर्यंत एकाही मुलानें घांस उचलला नाहीं. मग हात जोडून सर्वांनीं एका सुरांत ‘इतादाकिमासु’ असें म्हटलें. ‘हें मी नम्रपणें स्वीकारतों’ असा त्या शब्दाचा भाव आहे. जेवण संपल्यावर पुन्हां हात जोडून ‘गोचिसोसामा’ असें म्हणून, ज्यांनीं या जेवणासाठीं कष्ट घेतले त्यांचे आभार मानले. घरीं गाजराचे तुकडे ताटाबाहेर काढून ठेवणारी ही मुलगी तेथें शेजारणीकडे पाहून ते मुकाट्यानें खात होती, याचें बापाला फार नवल वाटलें.

जपानांत बालशाळा मुख्यतः दोन प्रकारच्या आहेत. तीन वर्षांवरील मुलांना दिवसांतून कांहीं तास शिकविणारी ती ‘योचिएन’, आणि कामावर जाणाऱ्या आईबापांचीं अगदीं तान्हीं मुलेंसुद्धां दिवसभर सांभाळणारी ती ‘होइकुएन’. योचिएनचा पाया १८७६ सालीं टोकियो येथील स्त्रियांच्या अध्यापनशाळेंत घातला गेला. शाळेंत जेवण देण्याची चाल मात्र मोठ्या मुलांपासून सुरू झाली. १८८९ सालीं यामागाता प्रांतांतील त्सुरुओका गांवीं, एका बौद्ध मंदिरांत चाललेल्या शाळेनें गरीब मुलांना दुपारीं भाताचे गोळे, खारी मासळी व लोणचें देण्यास प्रारंभ केला. दुसऱ्या महायुद्धानंतर देशांत अन्नाची टंचाई असतांना हें काम पुन्हां उभें राहिलें. १९५४ सालीं त्याला कायद्याचा आधार मिळाला, आणि २००५ सालीं आहारशिक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. तेथील शाळांत मुलांना वाढण्यापूर्वीं मुख्याध्यापक किंवा दुसरा जबाबदार मनुष्य तें अन्न आधीं खाऊन पाहतो. महिनाभराच्या पदार्थांचें पत्रक घरीं पाठवितात. मुलांना अन्नाचे तीन रंग शिकवितात: शरीर घडविणारें तें लाल, काम करण्यास शक्ति देणारें तें पिवळें, आणि शरीराचा कारभार सुरळीत ठेवणारें, म्हणजे भाजीपाला व फळें, तें हिरवें.

या इतिहासांतून एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. जें गरिबांसाठीं अन्नदान म्हणून सुरू झालें, तें पुढें सर्वांच्या मुलांचें जेवण झालें, आणि शेवटीं तो शिक्षणाचाच एक विषय झाला. अशा या तीन पायऱ्या आहेत. पालकाला पंगतीस बोलावणें हें तिसऱ्या पायरीवरचें काम आहे. आपण कोणत्या पायरीवर आहोंत, हें आतां पाहूं.

बालशिक्षण आणि भुकेल्या मुलाला अन्न, या दोन्ही गोष्टी आमच्या दौंड तालुक्याला नव्या नाहींत. पंडिता रमाबाई १८८६ सालीं अमेरिकेस गेल्या. तेथें फिलाडेल्फिया शहरीं त्यांनीं फ्रबेलच्या बालोद्यान पद्धतीचें शिक्षण घेतलें. परत आल्यावर १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदासदन काढलें, आणि १८९६-९७ च्या दुष्काळांत उघड्या पडलेल्या मुलींना आणून केडगांव येथें मुक्तिसदन वसविलें. तेथें आधीं पोटाची व्यवस्था करावी लागली, मग पाटी हातीं देतां आली.

पुढें १९२६ सालीं गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. १९४५ सालीं ताराबाईंनीं त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलें. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. गरीब वस्त्यांतील मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां बालवाडीच त्यांच्या वस्तींत, घरापुढच्या अंगणांत नेण्यांत आली. ‘अंगणवाडी’ हें नांव त्यांतूनच आलें. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं देशांत ३३ ठिकाणीं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्याबरोबर हें नांव गांवोगांव पोहोंचलें. शाळा एकदां आईच्या अंगणांत येऊन बसली. आतां आईनें शाळेच्या पंगतींत जाऊन बसावें. ही एक परतभेटच होय.

शिरूर व दौंड तालुक्यांत आज अंगणवाडी कोणाला अपरिचित नाहीं. एक सेविका आणि एक मदतनीस मिळून ती चालवितात. या दोघी मानधनावर काम करतात. मुलांना शिकविणें, वजनें घेणें, नोंदी करणें, गरोदर बायांच्या घरीं जाणें, हीं सारीं कामें त्यांच्याकडेच असतात. मुलांना सकाळीं कांहीं खाऊ व दुपारीं गरम जेवण मिळतें: खिचडी, मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ, लापशी, वरणभात. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानें तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठीं दोन्ही मिळून ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनें असें माप घालून दिलें. ५०० उष्मांक म्हणजे धान्य व डाळ मिळून कोरडा शिधा सुमारें १४० ग्रॅम समजावा. या वयाच्या मुलाला दिवसभरांत जेवढें अन्न लागतें, त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून हें अधिक आहे. मुलाचें पोट लहान असतें. एका बैठकींत तें इतकें खाऊं शकत नाहीं. म्हणून सकाळ आणि दुपार अशी विभागणी केली आहे.

म्हणजे अन्न आहे, पंगत आहे, वाढणारें माणूस आहे. नाहीं तो पालक. तो सकाळीं दारापर्यंत येतो, मुलाचा हात सोडतो, आणि दुपारीं दारांतूनच त्याला घेऊन जातो. ज्याच्या हातीं चार पैसे आहेत तो आपल्या मुलाला मोटारींत बसवून शिरूरच्या किंवा दौंडच्या खासगी बालवर्गांत डबा देऊन पाठवितो, आणि अंगणवाडींतील जेवणाला ‘गरिबांची खिचडी’ असें नांव ठेवतो. त्यानें ती खिचडी कधीं खाल्लेली नसते. आपण पहिल्या पायरीवरच अडकून पडलों आहोंत तें असे. ज्या जेवणाला गांवांतील कर्तीसवरतीं माणसें कधीं तोंड लावीत नाहींत, त्या जेवणाची काळजी वाहणारें पुढें कोणी उरत नाहीं. आणि त्याचें फळ ज्या मुलाला दुसरा डबा नाहीं त्याला भोगावें लागतें.

आतां पालक जेवावयास बसला तर लाभ काय, तें सांगतों.

पहिला लाभ अन्नाच्या परीक्षेचा. १६ जुलै १९२३ नव्हे, तर अगदीं अलीकडे, १६ जुलै २०१३ रोजीं, बिहारांतील सारण जिल्ह्यांत शाळेंतील जेवणांत कीटकनाशक मिसळलें गेल्यामुळें २३ मुलें दगावलीं. मुलांना वाढण्यापूर्वीं शिक्षकानें अन्न चाखून पाहावें, हा दंडक त्यानंतर फार काटेकोरपणें सांगण्यांत आला. चाखणें अवश्यच आहे. परंतु चाखणें आणि जेवणें यांत अंतर आहे. बोटावर घेतलेल्या चिमूटभर भातावरून खडा कळत नाहीं. तो पांचव्या घांसाला दांताखालीं येतो. उसळ कच्ची राहिली असेल तर तें जबड्याला कळतें. पाणी कोठून येतें, ताट कशानें घासलें आहे, मुलाच्या वाट्याला किती आलें आणि तें त्याला पुरलें कीं नाहीं, हें सबंध जेवण जेवल्याशिवाय समजत नाहीं. तसेंच, तिखट कमी लागलें म्हणून स्वयंपाक करणारीला दोष देणाऱ्या बापाला शेजारचें मूल तेंच अन्न आवडीनें खातांना दिसलें, म्हणजे तें मुद्दामच सौम्य केलें आहे हेंही त्याला उमगतें.

दुसरा लाभ मुलाचा. घरीं आपण मुलाच्या मागें घांस घेऊन धांवतों, हातांत मोबाईल देऊन त्याला भरवितों, आणि ‘आमचा कांहीं खात नाहीं’ म्हणून तक्रार करतों. पंगतींत तेंच मूल आपल्या हातानें खातें, कारण शेजारचें खातें. लहान मूल उपदेशानें शिकत नाहीं. तें पाहून शिकतें. जी पालेभाजी शेजारच्या चिमुरडीनें खाल्ली आणि आपल्या बापानेंही खाल्ली, ती खाण्याजोगी आहे अशी त्याची खात्री पटते. बापालाही आपलें मूल घराबाहेर कसें असतें, तें प्रथमच दिसतें: तें दुसऱ्याला पाणी देतें कीं दुसऱ्याचें ओढून घेतें, मागून घेतें कीं गप्प बसून राहतें. प्रगतिपुस्तकांत हें लिहिलेलें नसतें.

तिसरा लाभ गांवाचा, आणि तो मला सर्वांत मोठा वाटतो. पंगत हा शब्द आपल्या भाषेंत जितका गोड आहे, तितकाच एके काळीं तो कडूही होता. कोणी कोणत्या पंगतीस बसावयाचें, आणि कोणी अंगणांत ताट घेऊन वाट पाहावयाची, हें जन्मावरून ठरत असे. तो भेद मोडण्यासाठीं थोर माणसांना मुलांपासून आरंभ करावा लागला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें. त्यांत सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत व एका पंगतीस जेवीत. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्याला छत्रपति शाहूंचें नांव देण्यांत आलें.

आमच्या दोन तालुक्यांतील अंगणवाडीची पंगत आज पाहावी. रांजणगांवच्या कारखान्यांत काम करण्यासाठीं परप्रांतांतून आलेल्या मजुराचें मूल तींत असतें, दौंडच्या रेल्वे कामगाराचें असतें, धनगरवाड्यावरचें असतें, पारधी वस्तींतलें असतें, बागायतदार पाटलाचेंही असतें. मुलांना यांत कांहीं विशेष वाटत नाहीं. अडचण वाटते ती मोठ्या माणसांना. घोड नदीच्या कांठच्या एका गांवीं मीं एक आजीबाई पाहिल्या. त्या नातवाला रोज जेवणाची वेळ होण्यापूर्वींच घरीं घेऊन जात. कारण त्या सांगत नसत. गांवाला तें ठाऊक होतें. स्वयंपाक करणारी बाई कोणत्या घरची, हेंच तें कारण. सेविकेनें वाद घातला नाहीं. ती म्हणाली, “आजी, पोराला न्या, पण तोंवर दोन घटका सावलींत बसा तरी.” आजीबाई बसल्या. पहिल्या दिवशीं त्यांनीं पाणीही घेतलें नाहीं. कांहीं दिवसांनीं पाणी घेतलें. नातू पंगतींतून उठेना, म्हणून पुढें त्यालाही बसूं देऊं लागल्या. महिन्याभरानें एकदां मदतनीस बाईनें त्यांच्यापुढें वाटी ठेवली, तेव्हां त्यांनीं ती खाल्ली, आणि “मीठ कमी पडलंय बाई” एवढेंच म्हणाल्या. जातीचा शब्द कोणीच काढला नाहीं. माझ्या मतें त्या गांवांत पन्नास व्याख्यानांनीं झालें नसतें, तें त्या वाटीनें झालें. आजीबाईंचें सारें मन पालटलें असें मी म्हणत नाहीं. पण नातवाला पंगतींतून उठविणारा हात थांबला, आणि नातवाच्या जन्माला तेवढें पुरेसें आहे.

२०२० सालीं महामारीमुळें अंगणवाड्या बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हां मुलांचा शिधा घरपोंच देण्यांत आला. तें योग्यच झालें. परंतु धान्य घरीं पोहोंचलें तरी पंगत कांहीं घरीं पोहोंचली नाहीं. शिध्याची पिशवी घरांतल्या सर्वांच्या चुलीवर चढली, आणि शेजारच्या मुलाकडे पाहून खाण्याची संवय मात्र तेवढा काळ खंडित झाली. अन्न आणि पंगत या दोन निरनिराळ्या वस्तु आहेत, हें त्या काळानें आपल्याला दाखवून दिलें.

आतां अडचणींचा विचार करूं, कारण त्या खोट्या नाहींत.

पहिली अडचण वेळेची. दौंडच्या कालव्याखालच्या पट्ट्यांत दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कोपींत राहणारे ते आईबाप पहाटेच फडावर जातात. दुपारीं ते कसे येणार? कारखान्यांतील कामगाराची पाळी असते. रोजंदारीवरील बाईचा अर्धा दिवस गेला तर त्या दिवसाची चूल अडते. अशांवर ही गोष्ट लादणें हा अन्याय होईल. म्हणून माझें सांगणें असें, कीं पालकांनीं पाळीपाळीनें यावें. एका दिवशीं दोघेतिघे पुरेत. आजा, आजी, मामा, मावशी, कोणीही चालेल. आणि जो पालक येईल त्यानें एका बाजूस आपलें मूल व दुसऱ्या बाजूस ज्याचें कोणी येऊं शकत नाहीं असें मूल घेऊन बसावें. हा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. नाहींतर ज्याचे आईबाप फडावर आहेत तें मूल इतरांच्या आयांकडे पाहत बसेल, आणि आपण मुलांना जोडावयास जाऊन तोडून येऊं.

दुसरी अडचण शिध्याची. अंगणवाडींतील धान्य मुलांच्या पटावर मोजून येतें. मोठीं माणसें त्यांतलें जेवूं लागलीं तर तें मुलांच्या तोंडचें काढल्यासारखें होईल. जपानांतील पालक आपल्या ताटाचे पैसे भरतात, तें याचसाठीं. आपण पैशांऐवजीं शिधा द्यावा. सेविकेला आधीं विचारून, मूठभर तांदूळ, ओंजळभर डाळ, शेतांतली मेथीची जुडी, चार गाजरें किंवा लिंबें, असें कांहीं सकाळींच नेऊन द्यावें, म्हणजे तें एकाच पातेल्यांत शिजेल. घरून शिजवून मात्र कांहीं नेऊं नये. आपल्या लेकरासाठीं वेगळा डबा तर मुळींच नेऊं नये. तसें केलें तर पंगतीचा अर्थच गेला.

तिसरी अडचण आपल्या स्वभावाची. आपण मोठीं माणसें कोठेंही गेलों कीं तपासणीस बनतों. सेविकेला फैलावर घेणें, मदतनिसीला सर्वांसमोर बोल लावणें, दप्तर मागणें, हें त्या दिवशीं करूं नये. अन्नांत खरेंच कांहीं वाईट आढळलें, किडकें धान्य किंवा उग्र वास आला, तर वाढप तेथेंच थांबवावें व ती गोष्ट लागलीच वर कळवावी. त्यांत भीड नको. पण इतर सूचना मुलें गेल्यावर शांतपणें सांगाव्या. मुलासमोर त्याच्या ताईचा अपमान झाला, तर दुसऱ्या दिवसापासून तें ताईचें ऐकत नाहीं.

मुलाला स्वतः भरवूं नये. त्यालाच खाऊं द्यावें, सांडलें तर सांडूं द्यावें. जेवणापूर्वीं मुलाबरोबर आपणही साबणानें हात धुवावे. आपलें ताट आपणच धुवावयास न्यावें. विशेषतः बापांनीं हें अवश्य करावें, कारण घरीं त्यांना ताट उचलतांना मुलानें बहुधा पाहिलेलें नसतें. आणि जेवण झाल्यावर निघतांना मूल रडूं लागलें, तर चोरून पळून जाऊं नये. ‘मी आतां कामाला जातों, संध्याकाळीं भेटूं’ असें त्याला सांगून जावें. फसविलेलें मूल दुसऱ्या वेळीं आपला हात सोडीत नाहीं.

हें सारें करावयास नवा कायदा नको, नवी इमारत नको. गांवकऱ्यांनीं सेविकेशीं बोलून महिन्यांतला एक दिवस ठरवावा आणि पहिल्या दिवशीं सरपंचांनीं, शाळेच्या गुरुजींनीं व गांवांतील चार मानकऱ्यांनीं, सतरंजीवर, मुलांच्या रांगेंत, त्याच थाळींत जेवावें. भाषण करूं नये, हार घेऊं नये. ज्या जेवणाला आपण ‘गरिबांची खिचडी’ म्हणतों, तें गांवाचें जेवण आहे कीं नाहीं, हें त्या दिवशीं गांवाला कळेल. चांगलें असेल तर नांव ठेवणारीं तोंडें बंद होतील. वाईट असेल तर तें सुधारल्यावांचून कोणाला चैन पडणार नाहीं. दोन्हींकडून लाभ मुलांचाच आहे.

श्रोतेहो, मुलाचें अंगणवाडींत जाण्याचें वय तीनच वर्षांचें. त्यांतल्या सुट्ट्या, आजारपण, लग्नसराई वजा केल्यास दुपारीं त्याच्या शेजारीं बसण्याची संधि आपल्याला फार थोड्या वेळां मिळते. पुढें तें आपल्या पंगतीस येऊन बसेलच. तोंवर एकदां आपण त्याच्या पंगतीस जाऊन यावें, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.